वृद्धाश्रमातलं संशोधन आणि आईची सही

प्रश्न : आई (वय ८१) वृद्धाश्रमात राहते. विस्मरण सुरू झालंय. स्मरणशक्तीवरच्या संशोधनासाठी तिथे तिच्या चाचण्या होतात, रक्तही घेतलं. मला कुणी विचारलं नाही. फॉर्मवर सही आईची आहे; ‘गोळ्या देणाऱ्या ताई म्हणाल्या म्हणून केली,’ असं ती सांगते. चाचण्या घेणारी मुलगी मात्र तिला आवडते. मी हे थांबवू शकतो का?

उत्तर : आधी तुम्हाला न आवडणारं सांगतो. विस्मरण सुरू झालं म्हणून संमतीचा अधिकार जात नाही, आणि मुलगा म्हणून तो आपोआप तुमच्याकडे येतही नाही. काय करणार, धोका कोणता, नाही म्हटलं तर काय, हे आईला त्या वेळी कळत असेल आणि स्वतःच्या शब्दांत सांगता येत असेल, तर निर्णय तिचा.

पण ही सही मला कच्ची वाटते. जिच्या हातून रोजच्या गोळ्या घ्यायच्या, रात्री बेल वाजवली की जिने यायचं, तिनेच कागद पुढे केल्यावर नाही कोण म्हणेल? माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याचं आजचं रूप म्हणूनच सांगतं की अशा अवलंबून असलेल्या माणसाची संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकाराने घ्यावी. नुसत्या होकाराने भागत नाही, याचं जुनं उदाहरण आहे : १९६३ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमध्ये २२ जर्जर रुग्णांना जिवंत कर्करोगपेशी टोचल्या, त्या कसल्या हे न सांगता. तोंडी संमती होती, हा डॉक्टरांचा बचाव होता. तो टिकला नाही.

तेव्हा व्यवस्थापकाशी वाद घालत बसू नका. मुख्य संशोधक आणि अशा संशोधनाला मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती, दोघांना लेखी कळवा. माहितीपत्रक, सही केलेल्या फॉर्मची प्रत आणि समितीची मंजुरी मागा. संमती कोणी, कशी घेतली हेही विचारा. आश्रमाबाहेरच्या व्यक्तीने आईला नव्याने समजावून विचारावं आणि तोवर रक्त घेऊ नये, असं स्पष्ट लिहा. विचारणं तिच्या तरतरीत वेळी व्हावं, जेवणानंतर पेंगताना नव्हे.

तिला समजत नाही असं ठरलं, तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागेल. तो अधिकार तुमच्याकडे कागदोपत्री आहे का, पाहून ठेवा. तेव्हाही तिने सुई पाहून हात मागे घेतला, तर तो नकारच. उलट तिला गप्पांच्या चाचण्या हव्या असतील, तर फक्त रक्त वगळता येईल का, एवढंच विचारा. सगळं बंद पाडू नका. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तिच्या देखभालीत काडीचा फरक पडता कामा नये.

प्रवेश अर्जात ‘संशोधनास हरकत नाही’ असं एखादं कलम आहे का, तेही बघा. ते दाखवलं तर दबू नका. या संशोधनाची संमती त्यात येत नाही.