'मदत घेतो म्हणून जास्त राबतो'

नोकरी, फुलटाइम कोर्स, घरात लहान मुलं आणि सरकारी मदतीवर तोललेला महिना, हे सगळं घेऊन येणारे आईबाबा माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, मी कुठेच पुरा पडत नाही, टाइम मॅनेजमेंट शिकवा." पूर्वी मी शिकवायचे पण. आता आधी वेगळंच विचारते, आणि ते मला एका तरुण बाबामुळे सुचलं (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

दोन मुलं, धाकटं सव्वा वर्षाचं. आठवड्याला 34 तास काम, वर कोर्स. आम्ही कागदावर मांडलं. आठवड्याचे 168 तास, त्यातले झोपेचे 49. युरोपातल्या विद्यापीठांच्या हिशोबात फुलटाइम अभ्यासाचं एक वर्ष म्हणजे 1500 ते 1800 तास धरतात, म्हणजे चाळीस आठवड्यांत वाटलं तर आठवड्याला साधारण 40. उरले 45, दिवसाला साडेसहा तासही नाहीत, आणि त्यातच प्रवास, स्वयंपाक, अंघोळी, मुलांचा ताप. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे मी आळशी नाहीये?"

पण मग शनिवारची जादा शिफ्ट कशाला, असं मी विचारलं. कारण त्याची मदत उत्पन्नावर ठरणारी होती, जास्त कमावलं की तेवढ्या प्रमाणात ती कमी व्हायची, आणि शिफ्टच्या पैशातून मदतीतली कपात आणि मुलांना सांभाळणारीचे पैसे वजा केले तर हातात जवळपास काहीच उरत नव्हतं.

"मदत घेतो ना मॅडम. मग जास्त राबायलाच पाहिजे."

"नाही राबलात तर?"

"तर मी फुकट खाणारा."

"असं कोण म्हणालं?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "कोणीच नाही. मीच म्हणतो. रोज."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं काम करते. माणसाच्या इच्छांचं 'पाहिजेच' कसं होतं आणि तेच त्याला कसं छळतं, हे एलिस 1950 च्या दशकापासून सांगत आले, आणि आपल्या मराठीत तर तो सगळा छळ एका 'च' मध्ये बसतो. त्याला म्हटलं, तेच वाक्य 'च' काढून म्हणा. "मदत घेतो. राबायला... आवडेल, जमेल तेवढं." आणि तो रडला. इतक्या वर्षांच्या कामात इतका छोटा बदल इतका खोल गेलेला मी क्वचित पाहिलाय, आणि तो माझ्या खोलीत झाला याचं मला आजही समाधान आहे. मला तेव्हा कळलं की थकवा तासांचा कमी होता, ती मदत रोज नव्याने फेडण्याचा जास्त होता.

लाजेचा आणखी एक तोटा असतो तो म्हणजे मदत देणाऱ्या कार्यालयाची पत्रं उघडली जात नाहीत. त्याच्या ड्रॉवरमध्ये तीन बंद पाकिटं होती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी कळकळीने सांगते, पत्र आलं त्याच दिवशी उघडा, एकट्याने नको, जोडीदाराबरोबर. पगार, तास, मुलांना सांभाळण्याचा खर्च बदलला की लगेच कळवा, कारण न कळवता जास्त आलेली रक्कम पुढे वसूल होते आणि ती नेमकी फीच्या वेळी येऊन आदळते. कोर्स फुलटाइमचा पार्टटाइम करायच्या आधी तर विचाराच, कारण त्या एका शब्दावर पात्रता बदलू शकते, दोन्ही बाजूंनी. स्कॉलरशिप किंवा शैक्षणिक कर्ज उत्पन्नात धरतात का, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं उत्तर पुढे कोणाला आठवत नाही.

त्याने शनिवारची शिफ्ट सोडली. पाकिटं दोघांनी मिळून उघडली, एकात फक्त पत्ता बरोबर आहे का एवढंच विचारलेलं. आता कोर्स एक वर्ष लांबवायचा का यावर घरात बोलणं चाललंय, कार्यालयाला लेखी विचारलंय, उत्तर अजून यायचंय.