गाडीच्या ब्ल्यूटूथवर गाणी मस्त वाजतात, पण कॉलवर समोरच्याला माझा आवाज जात नाही, आणि कधीकधी त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. दुकानदार म्हणतो स्टिरिओ बदला. बदलू का?

नका बदलू, निदान आत्ता तरी. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत स्टिरिओ ठणठणीत असतो, लोचा माईकचा नाहीतर फोनच्या सेटिंगचा निघतो.

गाणी वाजतायत म्हणजे ब्ल्यूटूथ ओके, हे मुळात गृहीत धरूच नका. ब्ल्यूटूथमध्ये प्रत्येक कामाचा वेगळा रस्ता असतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. गाणी ज्या प्रोफाइलवरून जातात (ए-टू-डी-पी म्हणतात) तो रस्ता एकेरी आहे, फोनकडून स्टिरिओकडे, त्यात माईकचा संबंधच नाही. कॉलला वेगळं प्रोफाइल लागतं, हँड्सफ्री म्हणजे एच-एफ-पी, त्यात आवाज दोन्हीकडून जातो आणि जुन्या सिस्टिममध्ये तो फक्त ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८ हजार नमुने) असतो, नव्यात १६, म्हणून कॉलचा आवाज गाण्यापेक्षा डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो बिघाड नाही. अजून एक, अँड्रॉइड ऑटो (फोनचे अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) वायर लावून वापरत असाल तरी कॉल ब्ल्यूटूथवरूनच जातो, त्यामुळे केबल बदलून काही होणार नाही. आयफोनला वायरवालं कारप्ले (आयफोनची तशीच सोय) असेल तर मात्र कॉल यूएसबीतून जातो. म्हणजे एखाद्याचा आयफोन मिळाला तर छान टेस्ट होते: कारप्लेवर पण आवाज जात नसेल तर ब्ल्यूटूथ सोडून द्या आणि माईकच्या मागे लागा, कारण गाडीचा माईक दोन्हीला तोच.

आधी फोनचं बघून घ्या, फुकटात होतं. ब्ल्यूटूथच्या लिस्टमध्ये गाडीच्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी वेगवेगळी बटणं असतात, कॉलचं बंद असेल तर गाणी वाजतात आणि कॉल गाडीवर येतच नाही. मग पेअरिंग दोन्हीकडून डिलीट करा, फक्त फोनमधून नाही, स्टिरिओमधून पण, आणि नव्याने जोडा. दुसरा फोन लावूनही बघा. दुसऱ्या फोनवर सगळं नीट चाललं तर माझ्याकडे यायची गरजच नाही.

दोन्ही फोनला तेच होत असेल तर गाडी उभी करून, इंजिन आणि एसी बंद ठेवून घरी कॉल लावा आणि छताच्या पुढच्या लाइटजवळ जी बारीक जाळी असते तिच्यावर नखाने हळू खरवडा. बऱ्याच गाड्यांत माईक तिथेच असतो, काहींत स्टिअरिंगच्या कॉलमवर, आणि बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत कधी त्याच्या तोंडावरच एक टाचणीएवढं भोक असतं. पलीकडे खरखर ऐकू आली तर माईक जिवंत आहे. मग एसीचा पंखा फुल करून बोला, तेव्हाच आवाज बुडत असेल तर एसीच्या वरच्या जाळ्यांची हवा माईकवर येतेय, दिशा खाली करा, झालं. आणि मध्यंतरी इंटिरियर क्लीनिंग करून घेतलंय का? छताला मारलेला फोम माईकच्या जाळीत जाऊन बसतो, हे मी फार बघतो. नवी एलईडी रूफ लाइट बसवताना माईक झाकला जातो किंवा त्याचा कनेक्टर लावायचाच राहतो, ते तर विचारूच नका.

खरखर अजिबात गेली नाही तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) काढा. हे माईक बहुतेक साधे दोन वायरचे असतात आणि त्यांना चालायला स्टिरिओकडूनच काही व्होल्ट डीसी येतात. चालू कॉलमध्ये माईकच्या कनेक्टरवर व्होल्टेज येत असेल आणि तरी आवाज नसेल तर बहुधा माईक गेला, तो स्टिरिओच्या किमतीपुढे किरकोळ आहे. व्होल्टेज नसेल तर स्टिरिओच्या मागच्या पिनवर तेच मोजा, तिथे आहे आणि वर माईकपाशी नाही म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून जाणारी वायर बहुधा तुटलीय. तिथेही शून्य आलं, तरच दुकानदार बरोबर असू शकतो.

तुम्ही लिहिलंय की कधीकधी समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. ज्याला इको येतो त्याच्या समोरच्या बाजूला दोष, म्हणजे इथे तुमच्या गाडीत. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरतो तेव्हा स्टिरिओ तो वजा करतो, पण त्याने स्वतः किती आवाज सोडला त्या हिशोबाने, आणि मागे अँप्लिफायर नि वूफर लावलेला असला की तो हिशोब चुकतो. म्हणजे आवाज थोडा तरी जातोय तुमचा, पूर्ण बंद नाहीये. त्यामुळे माझा पहिला संशय माईकच्या जाळीवर किंवा लूज कनेक्टरवर आहे. कॉल चालू असताना व्हॉल्यूम निम्मा करून बघा (गाण्याचा वेगळा असतो), आणि खरवडल्यावर काय ऐकू आलं ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.