विटांच्या रिटेनिंग वॉलमागे भराव कशाचा टाकावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: भांडुपला टेकडीच्या बाजूने सोसायटीची तीस फूट लांब, चार फूट उंच विटांची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवणारी भिंत, बांधून झाली आहे. आता मागे भराव करायचाय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, वरच्या फ्लॅटच्या दुरुस्तीचा राडारोडा तिथेच जिरवू, डंपरचे पैसे वाचतील.

राडारोडा नको. आणि पैसे वाचणार ते नक्की कोणाचे, तेही एकदा विचारून घ्या.

साइटवर सुपरविजन करताना मी एक गोष्ट कायम बघत आलोय: भरावाच्या मातीमुळे भिंती क्वचित जातात, मागे अडकलेल्या पाण्यामुळे जातात. तुमच्याच भिंतीचा हिशोब घ्या. मागे चांगला, कोरडा मुरूम असेल तर दर मीटर लांबीला साधारण चारशे किलोचा आडवा रेटा येतो. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला की रेटा साडेनऊशेच्या घरात जातो, त्यातले सातशेवर किलो निव्वळ पाण्याचे. वीट-सिमेंटच्या जोडकामाला ओढणारा ताण जवळपास सोसत नाही, त्यामुळे एवढा फरक तिला जड जातो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि टेकडीवरून वाहत येणारं पाणी वेगळंच. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून केवढी माणसं गेली, ते आठवत असेलच.

म्हणून भिंतीला लागून एक फूट रुंदीचा थर फक्त खडीचा करा. २० ते ४० मिलिमीटरची, धुतलेली, त्यात ग्रिट किंवा चुरी नको. वरचा एक फूट सोडला तर तीन फूट उंची, तीस फूट लांबी: नव्वद घनफूट, म्हणजे एक ब्राससुद्धा (शंभर घनफूट) लागत नाही. एवढ्या खर्चासाठी घासाघीस करू नका. खडी आणि मागचा भराव यांच्यामध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) लावा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत माती खडीत उतरून सगळं बंद होतं. खडीपलीकडे कडक मुरूम चालेल.

मुरूम म्हणून काय येतं ते मात्र स्वतः बघा. डंपर रिकामा व्हायच्या आधी काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मुरूम घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. जाड कण मिनिटभरात खाली बसतात. तासाभरानेही पाणी लालभडक गढूळ राहिलं, किंवा बसलेल्या मालावर बोटभर मऊ गाळ दिसला, तर त्यात चिकणमाती फार आहे. गाडी परत पाठवा. काळी माती तर अजिबात नको, ती भिजली की फुगते आणि भिंतीला ढकलते. खाडीकडची रेती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातल्या मिठाने विटांना लोणा लागतो, म्हणजे पांढरा खार फुटतो.

राडारोड्याला माझा विरोध का, तेही सांगतो. त्यात टाइल्सचे तुकडे आडवे पडून पोकळ्या राहतात, मग दोन वर्षांनी भरावावरची फरशी खचते. लाकूड कुजतं. आणि फॉल्स सीलिंगचं पीओपी असेल तर त्यातलं सल्फेट ओलाव्याबरोबर विटांच्या सांध्यातलं सिमेंट हळूहळू पोखरतं. हे बाहेरून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

भिंतीत पाणी निघायचे पाईप आहेत ना? तीन-चार इंची, पुढच्या जमिनीपासून सहा इंच वर, चार-पाच फुटांवर एक, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. नसतील तर भराव टाकायच्या आधी कोअर कटिंगवाल्याला, म्हणजे मशीनने गोल भोकं पाडणाऱ्याला, बोलवा. छिन्नी-हातोड्याने नवं जोडकाम हलतं. भिंतीच्या मागच्या अंगाला डांबरी वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, कारण वीट पाणी पितेच.

भराव सहा-आठ इंचांच्या थरांनी, धुम्मसाने (हाताने आपटायचं जड अवजार) दाबत घ्या. रोलर किंवा जेसीबी भिंतीजवळ आणू देऊ नका, आणि सिमेंट पुरेसं पिकलं नसेल तर घाई नको, महिनाभर थांबलेलं बरं. शेवटचा फूट मात्र चिकणमाती असलेल्या मुरुमाचाच करा, घट्ट दाबून, भिंतीपासून दूर जाणारा उतार देऊन, आणि ते पाणी एका छोट्या गटारात सोडा. वरून पाणी आतच न जाणं सगळ्यात उत्तम.

भिंत नऊ इंच जाडीचीच असेल, किंवा मागे गाड्या उभ्या राहणार असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मग भरावाने काही सुधारत नाही.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन पाईपांसमोर उभे राहा. स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत राहिलं तर कापड कुठेतरी फाटलंय किंवा जोड उघडा राहिलाय. पाईप कोरडे आणि भिंत ओली दिसली तर लगेच कॉन्ट्रॅक्टरला फोन करा, दुसऱ्या पावसाची वाट बघू नका.