वकील आणि युद्धकाळातला लष्करी अधिकारी, अशी कोणती व्यक्ती तुम्हाला आठवते आणि का?

टेलफर्ड टेलर.

न्यूरेंबर्ग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेले खटले, म्हटलं की लोकांना हिटलरचा साथीदार गोअरिंग आठवतो, फार तर अमेरिकेचे सरकारी वकील रॉबर्ट जॅक्सन. बड्या नाझी नेत्यांवरचा तो मोठा खटला ऑक्टोबर 1946 मध्ये संपला, जॅक्सन यांनी काम सोडलं आणि पुढचं सगळं टेलर यांच्या गळ्यात पडलं. डॉक्टर, न्यायाधीश, कारखानदार, सेनापती यांच्यावरचे आणखी 12 खटले! पहिला डॉक्टरांचा. 23 आरोपी, त्यातले 20 डॉक्टर. छळछावणीतल्या कैद्यांना बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास ठेवून माणूस किती वेळ तग धरतो ते यांनी मोजलं होतं. सात जण फासावर गेले. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची राजीखुशीची संमती हवी, हा दंडक त्याच निकालपत्रात लिहिला गेला. आज औषधाच्या चाचणीआधी जो कागद सही करायला देतात, त्यामागे हा निकाल आहे.

टेलर हार्वर्डला कायदा शिकलेले. 1942 मध्ये अमेरिकी लष्कराच्या गुप्तचर विभागात मेजर म्हणून रुजू झाले आणि पुढे इंग्लंडात ब्लेचली पार्कला गेले. जर्मनांचे सांकेतिक संदेश तिथे फोडले जात आणि ती माहिती अमेरिकी सेनापतींपर्यंत पोचवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. याविषयी पुढची तीसेक वर्षं चकार शब्द काढायची सोय नव्हती. (वकिलाला याहून कडक शिक्षा कुठली?)

ब्रिगेडियर जनरल झाले ते न्यूरेंबर्गच्या काळात. एवढ्यावर कोणीही उरलेलं आयुष्य सत्कार घेत काढलं असतं. यांनी 1953 मध्ये, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींना सगळे टरकून असताना, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत भाषण करून त्यांच्यावरच झोड उठवली. मग अमेरिकेचं व्हिएतनाम युद्ध. जर्मन सेनापतींना जे माप लावलं तेच आपल्यांनाही लागतं, असं त्यांनी 1970 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. परक्याला आरोपी करणं सोपं असतं हो. घरच्यांकडे बोट दाखवायला वेगळी छाती लागते. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण तिथे आहे.

डिसेंबर 1972 मध्ये ते उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत होते. वय 64. वरून त्यांच्याच देशाची बी-52 विमानं बॉम्ब टाकत होती आणि हा निवृत्त जनरल बाख माई रुग्णालयाचे ढिगारे पाहत हिंडत होता.