गटाराचे काम नेमके कोणाच्या हातात?

प्रश्न : आमच्या वाड्यावरचे गटार गेली दोन वर्षे पहिल्याच मोठ्या पावसात तुंबते आणि पाणी अंगणात शिरते. नगरसेवक म्हणतात, ‘विषय बैठकीत मांडला आहे.’ नगराध्यक्ष म्हणतात, ‘ठराव झाला आहे, मुख्याधिकाऱ्यांना विचारा.’ मुख्याधिकारी म्हणतात, ‘निधी नाही.’ मग पालिका चालवते तरी कोण? (उत्तर गोव्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्याला भेटलेले तिघेही कदाचित खरेच बोलत असतील, आणि हीच आपली खरी अडचण आहे. पणजी वगळता गोव्यातील शहरांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याने चालतो. या कायद्यात निर्णय घेणारे आणि तो अमलात आणणारे वेगवेगळे ठेवलेले आहेत. नगरसेवकांना आपण निवडतो आणि ते त्यांच्यापैकीच एकाला नगराध्यक्ष निवडतात. मुख्याधिकारी मात्र राज्य शासनाने नेमलेले असतात, त्यांची बदलीही शासनच करते. नगरसेवकांचे मंडळ ठराव संमत करते. पण कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार करून घेणे, निविदा काढणे, कार्यादेश देणे आणि शेवटी बिल चुकते करणे हा सारा प्रवास प्रशासनाच्या टेबलांवरून होतो. ठराव झाला म्हणजे काम मंजूर झाले, अशी आपली समजूत झालेली दिसते. प्रत्यक्षात ठराव ही त्या प्रवासाची पहिली पायरी असते.

म्हणून ‘काम कधी होणार?’ असे न विचारता ‘फाईल कोठे आहे?’ असे विचारावे, आणि तेही लेखी. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्यावी आणि चारच गोष्टी विचाराव्यात : ठरावाचा क्रमांक व दिनांक काय, पालिका अभियंत्याने अंदाजपत्रक केले आहे काय, निविदा निघाली काय, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या सदरात, धरला आहे. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्याखाली हीच माहिती मागावी. तेथे तीस दिवसांची मुदत आहे. एक गोष्ट मात्र आधी तपासावी : गटार ज्या रस्त्याला लागून आहे तो पालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याचा? रस्ता खात्याचा असेल, तर पालिकेत कितीही खेपा घातल्या तरी त्या वायाच जातील.

निधीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकून बहुतेक नागरिक माघारी फिरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी किंवा मिरच्या मांडून बसलेल्या बाईकडे सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, वसूल करणारा येतो, पैसे घेतो आणि एक लहानशी पावती फाडून देतो. ती पावती दिवसभर टोपलीच्या कडेला खोचलेली असते. पालिकेचे उत्पन्न हे असेच, मुठीमुठीने जमते : घरपट्टी, दुकानांची भाडी, व्यापार परवाने, बांधकाम परवाने आणि सोपो. त्यातून आधी कामगारांचे पगार भागवावे लागतात, आणि मोठ्या कामांसाठी राज्य शासनाच्या अनुदानाकडे पाहावे लागते. अनुदान देणारा हात शासनाचा आणि मुख्याधिकारी नेमणारा हातही शासनाचाच असल्यामुळे निवडून आलेल्या मंडळाची सत्ता कागदावर दिसते त्याहून पुष्कळ कमी असते. पाणी आणि वीज तर पहिल्यापासून राज्याच्या खात्यांकडे आहेत. कचरा पालिकेची गाडी दारातून उचलते, पण साळगावचा प्रक्रिया प्रकल्प राज्याच्या कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरपालिकांसाठी नोंदवले. ती दुरुस्ती १९९३ साली अमलात आली, आणि एवढ्या वर्षांनंतरही त्यांतील कितीतरी विषय राज्याच्याच हातात राहावेत, हे मला योग्य वाटत नाही.

आपल्याला आणखी एका गोष्टीचा तोटा होतो. शेजारच्या पंचायतीतील माणूस रविवारच्या ग्रामसभेत उभा राहून सरपंचांना सर्वांसमक्ष जाब विचारू शकतो. शहरातील माणसाला असे व्यासपीठ नाही. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत, आणि गोव्यातील एकही नगरपालिका त्या आकड्याच्या जवळपास नाही. आपल्या राज्याने स्वतःहून लहान शहरांतही अशा सभा सुरू कराव्यात, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पणजीचे महापौर एकाच वर्षासाठी का असतात? एवढ्या काळात त्यांना काय करता येते? (पणजीतील एक वाचक)

उत्तर : पणजीसाठी २००२ साली स्वतंत्र महानगरपालिका कायदा झाला आणि त्यातच महापौरपदाची मुदत एक वर्ष ठेवली आहे. तीस नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. तीच व्यक्ती पुन्हा निवडली जाऊ शकते, त्यामुळे बहुमत स्थिर असेल तर एकच महापौर अनेक वर्षे राहू शकतो. बहुमत डळमळीत असेल तेव्हा मात्र दर वर्षी खुर्चीची बोलणी सुरू होतात आणि अर्थसंकल्प मांडणारा एक, तो राबवताना अध्यक्षस्थानी बसणारा दुसरा, अशी स्थिती येते. महाराष्ट्रात महापौरांना अडीच वर्षे मिळतात. निदान तेवढी तरी पणजीला मिळावीत, असे माझे मत आहे. कार्यकारी अधिकार पणजीतही शासननियुक्त आयुक्तांकडेच असतात.

पणजीचे बळ मात्र तिच्या लहानपणात आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. तीस प्रभागांत वाटल्यास एका नगरसेवकामागे तेराशे-साडेतेराशे माणसे येतात, आणि त्यांतील मतदार त्याहून कमी. मुंबईतील नगरसेवकामागे हजारोंची वस्ती असते. येथे नगरसेवक पुढच्या गल्लीत राहतो, सकाळी त्याच बाजारात मासळी घेतो, आणि काही शेकडा मतांवर निवडून येतो. दहा घरांनी सह्या करून दिलेले निवेदन त्याला बाजूला ठेवता येत नाही.

पहिल्या पत्रलेखकांनीही हे ध्यानात घ्यावे आणि असे निवेदन जूनमध्ये नव्हे, तर डिसेंबर-जानेवारीत द्यावे. ३१ मार्चपूर्वी पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प ठरतो, आणि त्यात आपल्या गटाराची ओळ नसली तर पावसाळ्यात तिथे फार तर गाळ उपसणारी माणसे येतील.