बेळगाव कॅम्पातला एखादा बार ब्रिटिश काळापासून सलग चालू असेल का?

सलग चालू असणं जवळपास अशक्य. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि तिथे १९५० साली पूर्ण दारूबंदी आली. १८७८ च्या अबकारी कायद्याखाली लिलावात गुत्ते घेणाऱ्यांचा धंदा तिथेच तुटला. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ चाळलात तर हे स्पष्ट दिसतं. १९५६ नंतर बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं; पुढे त्या राज्याने बंदी उठवल्यावर परवाने नव्याने निघाले. अरकाची (स्वस्त देशी दारूची) दुकानं तर १ जुलै २००७ पासून कर्नाटकभर बंदच झाली. मात्र इमारत आणि चालवणारं घराणं खरोखर जुनं असू शकतं. त्यासाठी पाटीवरच्या सालावर जाऊ नका, जागेचा जुना उतारा काढा. मालकांची नावं त्यात सापडतील. आणि त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना लवकर विचारून घ्या. बंदीच्या काळात त्या गाळ्यात खाणावळ होती की किराणा, हे उताऱ्यावर लिहिलेलं नसतं.