हॉलमधला खेळ, कमी उजेड आणि विद्यार्थ्याचं बजेट

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये मॅटवरची कबड्डी टिपताना चढाईपटूचे हातपाय हमखास पुसट येतात. मित्र म्हणतात कॅमेरा बदल. जवळ बारा हजार आहेत.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : कॅमेरा बदलू नका, अडचण लेन्सची आहे. तुमची लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. साध्या ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये एफ/२ आणि १/५०० सेकंदाच्या शटरला आयएसओ (प्रकाशासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० वर काम भागतं. तोच फोटो किट लेन्सने काढायचा तर आयएसओ १२,८०० आणि त्याच्याही वर न्यावा लागेल, आणि तुमच्या कॅमेऱ्याची मजल तिथेच संपते. तेव्हा बारा हजारांत ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या. वापरलेली मिळाली तर पैसे वाचतील, पण मोबाइलच्या टॉर्चने लेन्स आरपार बघून घ्या. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, परत द्या. दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते.

मोड एम, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायचा, ठेवा. मॅट उजळ आणि मागचे प्रेक्षक अंधारात, त्यामुळे ऑटोमध्ये कॅमेरा दर फोटोला नवा हिशोब मांडतो. हॉलचा उजेड मात्र सामनाभर साधारण तोच असतो (दिवे लुकलुकत असतील तर पुढचं उत्तर बघा). एफ/२ आणि १/५०० पक्कं करा आणि चेहरे नीट दिसेपर्यंत आयएसओ वाढवा. मग त्याला हात लावायचा नाही. सेकंदाला पाच मीटर वेगाने जाणारा खेळाडू १/५०० सेकंदात एक सेंटिमीटर सरकतो, तेवढं खपून जातं. १/१२५ ला तो चार सेंटिमीटर सरकतो आणि चेहरा हातचा जातो.

आता जागा. लेन्सइतकंच महत्त्व हिला आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे अर्ध्या मैदानाची खोली साडेसहा मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटरवर. बाजूने काढलेल्या फोटोत चढाईपटूचा अर्धाच चेहरा मिळतो. अंतिम रेषेच्या मागे दोन-अडीच मीटरवर, राखीव खेळाडूंच्या बाकाला सोडून कोपऱ्यात, पंचांची परवानगी घेऊन मांडी घालून बसा. निदान रेषेवर आलेला चढाईपटू तुमच्यापासून साधारण पाच मीटरवर असेल आणि त्याचा चेहरा तुमच्याकडे असेल. त्या अंतरावर ही लेन्स सव्वादोन बाय दीड मीटरचा तुकडा पकडते. कॅमेरा उभा धरा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो. बचावपटूंच्या पाठी मध्ये येणारच. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजाऱ्यामधल्या फटीतून नेम धरायचा. साखळीची पकड मैदानाच्या मधोमध झाली तर तो फोटो सोडून द्या.

फोकस एआय सर्वोवर (हलत्या खेळाडूमागे फोकस फिरत राहतो तो प्रकार) ठेवा आणि नऊ बिंदूंपैकी फक्त मधला निवडा, कारण या कॅमेऱ्यात क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा) तेवढा एकच आहे आणि कमी उजेडात बाकीचे चाचपडतात. पाच मीटरवर एफ/१.८ ला जेमतेम सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यातलंच स्पष्ट येतं. बिंदू बचावपटूच्या खांद्यावर घसरला की चढाईपटू गेला. बटण दाबून धरून फोटोंचा पाऊस पाडण्यात अर्थ नाही. कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो आणि दोन फोटोंमध्ये खेळाडू दीड मीटर निघून जातो. पाय बोनस रेषेकडे लांबला की एकदाच दाबा.

प्रश्न : निकॉन डी५६०० आणि ५० मिमी एफ/१.८जी लेन्स आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये १/८०० ला लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक नीट, दुसरा पिवळट, तिसऱ्यात खालचा अर्धा भाग काळवंडलेला. कॅमेरा बिघडला का?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे, दिवे लुकलुकताहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब, मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं आणि १/८०० म्हणजे सव्वा मिलिसेकंद, तेव्हा कधी प्रखर क्षण सापडतो, कधी मंद. ट्यूबच्या आतल्या लेपातले रंग एकाच वेगाने विझत नाहीत, म्हणून मंद क्षणी रंगही पिवळट होतो. काळ्या पट्ट्याचं कारण शटर. या कॅमेऱ्यात १/२०० च्या वर सेन्सर एकदम पूर्ण उघडा पडत नाही, दोन पडद्यांमधली फट त्याच्यावरून सरकत जाते. फोटोचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जातो.

खात्री करायची तर सामन्याआधी भिंतीवर रोखून १/८०० ला दहा आणि १/१०० ला दहा फोटो काढा. पहिले दहा एकमेकांशी जुळत नाहीत आणि दुसरे जुळतात, तर दोष दिव्यांचा. मेन्यूत ‘फ्लिकर रिडक्शन’ दिसेल, पण या मॉडेलमध्ये ते लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून काढणं) आणि व्हिडिओपुरतं आहे. काही महागड्या कॅमेऱ्यांत फोटोंसाठीही तशी सोय असते.

तुमच्यापुढे दोन वाटा. एक, १/१०० वर उतरा आणि थांबलेले क्षण टिपा: सर्व्हिसआधीची नजर, उडीचं वरचं टोक, गुण मिळाल्यावरची मूठ. स्मॅशचा हात पुसट येईल, चेहरा बहुतेक वाचेल. दोन, १/८०० वरच राहा, सेकंदाला पाचच्या वेगाने भरपूर काढा आणि खराब फोटो निमूट पुसा. आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. मोठ्या हॉलमध्ये दिव्यांच्या रांगा कधी कधी वेगवेगळ्या फेजवर असतात. जिथे दोन-तीन रांगांचा उजेड एकत्र पडतो तिथे लुकलुक कमी होते. हॉलच्या वायरमनला विचारा. चार कोर्ट असतील तर त्यांतलं एक बाकीच्यांपेक्षा बरं निघू शकतं.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) पांढऱ्या कागदावरून स्वतः ठरवा, पण तो कागद टिपताना शटर १/१०० किंवा त्याहून मंद हवा. नाहीतर अर्ध्याच आवर्तनाचा रंग पकडला जातो आणि सगळे फोटो बिघडतात.

प्रश्न : निकॉन डी३५०० साठी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स स्वस्तात मिळाली. फोकसच होत नाही.
– बीएस्सीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि तुमच्या कॅमेऱ्यातही नाही. डी७२०० सारख्या कॅमेऱ्यात मोटर असते, तिथे ती चालते. परत देता येत असेल तर देऊन टाका आणि एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) लिहिलेली ३५ मिमी एफ/१.८जी किंवा ५० मिमी एफ/१.८जी शोधा. ठेवायचीच असेल तर अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर लॉक करा (नाहीतर पडद्यावर एफईई येऊन कॅमेरा अडून बसतो), फोकस हाताने फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमधला ठिपका स्थिर झाला की दाबा. धावत्या खेळाला हे फारसं जमत नाही.

प्रश्न : कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे. टेबल टेनिसचे फोटो येतील का?
– बारावीची विद्यार्थिनी, कणकवली

उत्तर : काही नक्की येतील. नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो एकावर एक रचतो, आणि हलणाऱ्या हाताला दोन-तीन हात फुटतात. प्रो मोडमध्ये १/२५०, आयएसओ ८०० पासून सुरुवात, आणि एकपट झूमची मुख्य लेन्सच वापरा. झूमच्या लेन्सचा सेन्सर बहुधा लहान असतो आणि तिच्यात उजेडही कमी शिरतो. रॅलीच्या मागे लागू नका, सर्व्हिस टिपा. नियमाप्रमाणे चेंडू किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो. तो शिखरावर असताना खेळाडूचं अंग जवळजवळ स्थिर असतं आणि नजर चेंडूवर खिळलेली असते. खेळाडूच्या समोर, त्याच्या नजरेच्या रेषेत मात्र उभ्या राहू नका. फ्लॅश तर अजिबात नको. खेळाडूचे डोळे दिपतात, आणि बहुतेक आयोजक त्याला मनाई करतात ती त्यामुळेच.

प्रश्न : फोटोत दाणे (खरखरीत ठिपके) येऊ नयेत म्हणून आयएसओ ८०० च्या वर नेत नाही, फोटो नंतर संगणकावर उजळ करतो. तरी दाणे येतातच.
– कला शाखेचा विद्यार्थी, पणजी

उत्तर : दाणे मुख्यतः कमी प्रकाशामुळे येतात, आयएसओच्या आकड्यामुळे नाही. अंधारा जेपेग ओढून उजळ केला की दाणे तर येतातच, वर सावल्यांत चौकोन आणि जांभळे डागही उमटतात. आयएसओ ३२०० करा आणि फोटो काढतानाच चेहरा नीट उजळ घ्या. कार्डात जागा असेल तर रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ फाइल) ठेवा. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, कॅनन-निकॉनचे स्वतःचे प्रोग्रॅमही फुकट मिळतात. आधी रंगीत दाणे काढा, करडे बरेचसे राहू द्या. सगळेच घासून काढले तर कातडी मेणाची दिसते. आणि शंभर टक्के मोठं करून दाणे मोजत बसू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. भित्तिपत्रकासाठी किंवा मोबाइलवर पाठवायला तो २००० पिक्सेलवर आणला की नऊ पिक्सेलांची सरासरी एकात येते आणि दाणे सुमारे एक तृतीयांशावर उतरतात.